हँडल गार होतं

१

गाडी रस्त्याच्या कडेला अगदी शिस्तीत उभी होती. चारही दिवे लुकलुकत होते, मागे लाल त्रिकोण ठेवलेला होता, चाकांखाली दगड होते. घाईत टाकून दिलेली गाडी अशी नसते. आतल्या स्ट्रेचरवरचा माणूस मात्र गेला होता. दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी. शहरातून निघालेली रुग्णवाहिका तिथे पोचली तेव्हा अडीच वाजले होते. हॉस्पिटल तिथून चौदा किलोमीटरवर होतं.

गाडी विजेवर चालणारी. बॅटरी रिकामी झाली आणि ती थांबली, एवढं तर कोणीही सांगेल. बॅटरी रिकामी का झाली, हे शोधायला विमा कंपनीने जिला पाठवलं, तिला ऑफिसात पाठीमागे सगळे उकरबाई म्हणत. तिला ते माहीत होतं. तिचं त्याबद्दल काही म्हणणं नव्हतं, कारण ती खरोखरच उकरायची.

प्रकरण दिसायला साधं होतं. रस्त्यावर चार्जिंगचं जाळं असलेल्या दोन कंपन्या, दोघींचे प्लग वेगळे. रुग्ण नेणाऱ्या संस्थेच्या गाड्या एकीच्या प्लगच्या. वाटेत त्या कंपनीचं स्टेशन दुरुस्तीसाठी बंद, म्हणून गाडी दुसरीच्या स्टेशनवर नेली. तिथे गाडी आणि चार्जरचं हँडल यांच्यामध्ये अडॅप्टर लावावा लागतो, वीतभर लांबीचा काळा ठोकळा. तो लावला. चाळीस मिनिटं चार्जिंग हवं होतं, पण बावीस मिनिटांत सगळं बंद पडलं आणि अडॅप्टर जळाला. परत चालू होईना. तेव्हा आहे तेवढ्या बॅटरीवर, एसी बंद करून, समोरून येणाऱ्या रुग्णवाहिकेला गाठू म्हणून गाडी निघाली. आणि गाठू शकली नाही.

शुक्रवारी समिती बसणार होती. अहवालात 'चालकाची चूक' हे दोन शब्द आले की गाडी चालवणाऱ्या ताईचा रुग्ण नेण्याचा परवाना कायमचा जाणार होता. चौदा वर्षं ती हेच काम करत होती. तिला दुसरं काही येत नव्हतं आणि घरात कमावणारं दुसरं कोणी नव्हतं.

तिचा जबाब उकरबाईने तीनदा वाचला. चारच ओळी होत्या.

"अडॅप्टर मी लावला. अडॅप्टर मी काढला. दुसऱ्या कोणी त्याला हात लावला नाही. चूक असेल ती माझीच."

लोक स्वतःला वाचवायला चार-चार पानं लिहितात. हिने चार ओळींत स्वतःला बुडवलं होतं. का?

२

तक्रार मृताच्या मुलीने केली होती. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत नकाशे काढायचं तिरपं टेबल. तिचे बाबा मोजणी खात्यात नकाशे काढायचे आणि निवृत्तीनंतरही रोज सकाळी पेन्सिलींना टोक करून ठेवायचे. आता त्या टेबलावर बाळाच्या लंगोटांची चळत होती.

मुलीच्या मांडीवर सहा महिन्यांचं बाळ होतं. ते दूध पीत होतं आणि ती बोलत होती.

"मला भरपाई नको, मॅडम. लिहून देते हवं तर. बाबा कशाने गेले आणि कोणामुळे गेले, एवढं मला कळू दे."

"जे कळेल ते सांगेन."

"नक्की?"

"नक्की," उकरबाई म्हणाली. शब्द देऊन झाल्यावर तिला वाटलं, उगाच दिला.

"त्या दिवशी याला शेजारच्या काकूंकडे ठेवलं आणि निघाले. बाबांना एकशे चार ताप. इन्फेक्शन रक्तात गेलंय, लगेच हलवा, असं इथले डॉक्टर म्हणाले. गाडी स्टेशनवर लावली, प्लग लावला आणि ती बाई फोन घेऊन लांब जाऊन उभी राहिली."

"कोणाशी बोलत होत्या?"

"मला काय माहीत! दहा मिनिटं तरी बोलत होती. आणि इथे तो चार्जरवरचा आकडा खाली खाली येतोय. पहिल्यांदा भराभर चार्ज होत होतं, मग मुंगीच्या पावलाने. मी गाडीत, परत खाली, परत गाडीत. एकीकडे बाबांच्या कपाळावर पट्ट्या बदलतेय. घरून डबाभर मिठाचं पाणी नेलं होतं. लहानपणी मला ताप आला की बाबा रात्रभर बसून तशाच पट्ट्या ठेवायचे." ती थांबली. बाळाने तिचं बोट धरलं होतं, ते तिने सोडवून घेतलं नाही. "सगळ्यांसमोर मी तिला खुनी म्हटलं. आत्ता समोर आली तर परत म्हणेन."

"त्या काय म्हणाल्या?"

"काही नाही. उलट एक शब्द नाही. खाली मान घालून बाबांचं सामान भरून दिलं. चष्मा, शाल, सगळं घडी घालून. पट्ट्यासुद्धा बाटलीतल्या पाण्याने धुऊन, पिळून." तिने नाक ओढलं. "पाच नेल्या होत्या, चारच आल्या. माणूसच राहिला नाही, तिथे एका फडक्याचं काय घेऊन बसायचं!"

उकरबाई मात्र त्या फडक्याचंच घेऊन बसली. माणूस गेलाय, मुलगी शिव्या घालतेय, आणि अशा वेळी बाटलीतलं पाणी खर्चून कपाळावरच्या पट्ट्या कोण धुतं?

३

संस्थेच्या वर्कशॉपमधल्या मेकॅनिकला सगळे उस्ताद म्हणत. त्याने अडॅप्टर कापडात गुंडाळून कपाटात ठेवला होता.

"या दोन कंपन्या म्हणजे वाटण्या झालेले भाऊ, मॅडम," तो म्हणाला. "एकाच्या विहिरीवर दुसऱ्याची बादली चालत नाही. आणि आमचा अडॅप्टर म्हणजे मधली सून. दोन्हीकडून भाजते."

"हा मूळ कंपनीचा नाही."

उस्तादचं हसू मावळलं. "नाही. मूळ कंपनीचा मागवला तर चार महिने थांबा म्हणतात. तोवर पेशंटनी काय करायचं? मी बाहेरचा घेतला. बघून, तपासून घेतला."

"म्हणजे माल हलका होता."

"हलका असता तर पाच आठवडे रोज चालला असता?" त्याने ठोकळा तिच्या हातात आपटल्यासारखा ठेवला. "माझ्या हाताने रोज पुसून देत होतो. त्या माणसाच्या मुलीसमोर मला उभं करा, मी हेच सांगेन. पण ताईचं नाव घेऊ नका. ती रोज निघताना याच्या पिना उजेडात धरून बघते. अशी दुसरी नाही आमच्यात."

गाडीच्या बाजूचं तोंड स्वच्छ होतं. हँडल ज्यात बसतं ते तोंड आतून वितळून काळं पडलं होतं, आणि त्याच्या कडेने, अगदी सांध्यात, पांढरट खपली धरलेली होती.

"हे काय?"

"तेच कळत नाहीये. आधी वाटलं पिना गंजल्या. पण पितळ गंजलं की हिरवं दिसतं."

उकरबाईने नखाने खपली खरवडली आणि उस्ताद "अहो, अहो" म्हणेपर्यंत जिभेला लावली.

"घरच्या पोरांना सांगतो तोंडात काही घालू नका," तो कपाळाला हात लावत म्हणाला, "आणि तुम्ही!"

"इथून समुद्र किती लांब आहे, उस्ताद?"

"समुद्र? दोन दिवसांची वाट. का?"

"कारण हे मीठ आहे."

४

स्टेशनवर आठ चार्जर, पत्र्याची शेड आणि काचेची एक केबिन. केबिनच्या दारावर पाटी होती: 'बाहेरच्या कंपनीच्या गाड्या स्वतःच्या जबाबदारीवर'. राखणदार काका साठीचे, इस्त्रीचा गणवेश, बोलणं तोलूनमापून.

"आमच्या माणसांना ताकीद आहे," ते म्हणाले. "परक्या गाडीला हात लावायचा नाही. मी लावला नाही."

"तुम्ही आतून बटण दाबून चार्जर बंद केला, असं संस्थेच्या साहेबांचं म्हणणं आहे."

काकांचे कान लाल झाले. "असं कोणी करतं का, बाई? आत पेशंट असताना? माझीही बायको याच रस्त्याने..." वाक्य त्यांनी तिथेच सोडलं आणि पडदा तिच्याकडे वळवला. "हे बघा. यंत्रात सगळं लिहिलेलं असतं."

पडद्यावर दोन रेघा होत्या. लाल रेघ विजेची, किती जोरात गाडीत जातेय ती. निळी रेघ हँडलच्या तापमानाची. बारा वाजून दहा मिनिटांनी दोन्ही सुरू झाल्या. निळी चढत गेली, तशी लाल उतरत गेली.

"हँडल तापलं की यंत्र आपोआप वीज कमी करतं," काका म्हणाले. "उन्हाळ्यात रोजचंच आहे. जळू नये म्हणून."

"आणि हे?"

बारा अठ्ठावीसला निळी रेघ एकदम खाली कोसळली होती. जणू कोणी हँडल उचलून सावलीत नेलं. लगेच लाल रेघ उसळून वर गेली होती. चार मिनिटांनी दोन्ही शून्य. शेजारी यंत्राची नोंद: विजेची गळती आढळल्यामुळे पुरवठा बंद.

म्हणजे बटण कोणी दाबलं नव्हतं. यंत्र स्वतःहून थांबलं होतं. उस्तादचा माल हलका असता तर निळी रेघ शेवटपर्यंत चढत गेली असती. इथे अडॅप्टर आतून वितळत होता आणि हँडल गार होतं.

हँडल आपलं आपण गार होत नाही. भर दुपारी तर नाहीच.

उकरबाई केबिनबाहेर आली. शेडच्या खांबाशी प्लास्टिकची बादली होती. बादलीच्या काठावर तीन ओली फडकी वाळत घातली होती. पलीकडे एका टॅक्सीवाल्याने चौथं फडकं चार्जरच्या हँडलवर टोपीसारखं घातलं होतं आणि तो निवांत पेपर वाचत होता.

"काका, हे काय?"

काकांनी बादली पायाने खांबामागे सरकवली. "कंपनीला सांगू नका. सगळेच करतात. ताप मोजायची चिप हँडलमध्ये असते ना, तिच्यावर ओलं फडकं टाकलं की तिला वाटतं सगळं गार आहे. मग वीज पूर्ण जोरात येते. वर्षानुवर्षं चाललंय, काही होत नाही."

"तुमच्या गाड्यांना काही होत नाही. त्यांना मध्ये अडॅप्टर नसतो. चिप हँडलमध्ये आणि तापतोय अडॅप्टर. चिपला थंड केलं की अडॅप्टरकडे लक्ष द्यायला कोणी उरत नाही."

काकांनी टॅक्सीच्या हँडलवरच्या फडक्याकडे बघितलं. हे त्यांनी कधी या बाजूने बघितलंच नव्हतं.

"मी हात लावला नाही," ते पुटपुटले. "तिचा जीव खालीवर होत होता. बघवेना. म्हणून नुसतं सांगितलं, की आमची माणसं ओलं फडकं टाकतात. माझं फडकंसुद्धा दिलं नाही. ती म्हणाली, माझ्याकडे आहे."

"कोण? चालक ताई?"

"ती कुठे होती! ती तिकडे फोनवर हॉस्पिटलात खाट मिळवायला भांडत होती," काका म्हणाले. "ती मुलगी."

५

चालक ताईचं घर तळमजल्यावर होतं. दार उघडून तिने उकरबाईला खुर्ची दिली आणि स्वतः उभीच राहिली. खोली इतकी लख्ख आवरलेली होती की काम नसलेल्या माणसाचं घर आहे हे लगेच कळावं.

"मॅडम, जबाब दिलाय मी."

"दिलाय. त्यात एक ओळ खोटी आहे. दुसऱ्या कोणी हात लावला नाही, ती."

ताई पलंगावरची चादर सारखी करू लागली.

"मी सांगते, चुकलं तर थांबवा," उकरबाई म्हणाली. "अडॅप्टरच्या सांध्यात मीठ आहे. काकांच्या बादलीत साधं पाणी आहे, म्हणजे फडकं तिथलं नाही. मिठाचं पाणी त्या दिवशी एकाच ठिकाणी होतं, पेशंटच्या उशाशी. ते सांध्यात झिरपलं आणि यंत्राने वीज तोडली. चार्जर बंद पडला तसं तुम्ही धावत आलात. अडॅप्टर तुम्हीच काढला, तेव्हा फडकं तुम्हाला दिसलंच असणार. पण जबाबात ते नाही. स्टेशनवर मिळालं नाही. मुलीच्या पिशवीतही नाही. पाचातलं एक कमी. उरलेली चार तुम्ही धुऊन दिलीत, जळक्या फडक्याचं काळं त्यांना लागलेलं राहू नये म्हणून. स्वतःला वाचवायचं असतं तर ते फडकं तुम्ही पहिल्यांदा समितीपुढे ठेवलं असतं. तुम्ही ते लपवलंत. कोणासाठी, हे विचारायलाच नको."

ताई हळूच पलंगाच्या कडेवर बसली. मग उशीखालून तिने मलमलीचा एक चौकोन काढला. मधोमध तपकिरी भाजल्याचा डाग होता.

"टाकवेना," ती म्हणाली. "बाळाच्या दुपट्याचा तुकडा आहे. कडेला हाताने टीप घातलीय, बघा."

"तुम्हाला तेव्हाच कळलं?"

"हँडलला हात लावला आणि कळलं. अडॅप्टरमधून धूर येतोय आणि हँडल माठासारखं गार. ती तेव्हा गाडीत होती. बाबांना म्हणत होती, आता लवकर पोचू हां बाबा, मी युक्ती केलीय." ताईने डोळे पुसले नाहीत, नुसते मिटले. "ते शुद्धीवर होते. हसले. म्हणाले, माझी पोर हुशार आहे. मॅडम, यानंतर कोणत्या तोंडाने सांगायचं तिला?"

"तिने तुम्हाला खुनी म्हटलं, तेव्हाही?"

"म्हणू दे की. मला म्हणाली म्हणून ती उभी तरी राहिली. स्वतःला म्हणाली असती तर बसली ती उठली नसती. अंगावर पिणारं पोर आहे तिला."

"परवाना जाईल."

"जाऊ दे. लोकांच्या घरी पोळ्या लाटीन." मग एकदम तिने उकरबाईचा हात धरला. "तुमचं काम झालं ना? कळलं ना तुम्हाला? मग पुरे. तिला नका सांगू."

६

गुरुवारी सकाळी उकरबाई हॉस्पिटलात जाऊन आली. मृत्यूच्या पाऊण तास आधी इथे आणलं असतं तर पेशंट वाचला असता का, हे तिने डॉक्टरला विचारलं. त्याने नाही म्हणावं म्हणून ती त्याच्या तोंडाकडे बघत होती. तो म्हणाला, "निम्मी शक्यता होती." मग चष्मा काढून म्हणाला, "खोटं हवं असेल तर तसं सांगा."

तिला तेच हवं होतं. पण तिने मागितलं नाही.

मुलीने दार उघडलं तेव्हा बाळ नुकतंच झोपलं होतं. दोघी तिरप्या टेबलाशी बसल्या. उकरबाईने दोन रेघांचा कागद समोर ठेवला. लाल कशाची, निळी कशाची, अडॅप्टर कुठे बसतो, चिप कुठे असते, एवढंच सांगितलं. फडक्याचा शब्दही काढला नाही. वाटत होतं, कदाचित हिला कळणार नाही. आणि लगेच वाटत होतं, नकाशे काढणाऱ्याची मुलगी आहे.

मुलीने निळ्या रेघेवर बोट ठेवलं. रेघ जिथे कोसळली तिथपर्यंत बोट आलं आणि थांबलं. खालची वेळ तिने वाचली.

"बारा अठ्ठावीस," ती म्हणाली.

आत बाळ कुरकुरलं. ती उठली नाही.

"पण वेग वाढला होता," ती म्हणाली. "मी बघितलं होतं. आकडा वाढला होता."

"हो. वाढला होता."

"मी बाबांना सांगितलं..."

बाळ आता मोठ्याने रडत होतं. उकरबाई आत गेली, त्याला उचलून घेऊन आली आणि खांद्यावर घेऊन उभी राहिली. मुलगी कागदाकडे बघत होती. ती ओरडली नाही, हंबरडा फोडला नाही. दोन्ही हातांचे तळवे तिने टेबलावर उताणे ठेवले होते, आणि कोणी काही द्यावं म्हणून मागताहेत असे ते दिसत होते.

"वाचले असते का?" तिने विचारलं.

"सांगता येत नाही. डॉक्टर म्हणाले, निम्मी शक्यता."

"त्या ताईंना माहीत होतं?"

"तेव्हाच कळलं होतं त्यांना."

"आणि मी त्यांना... रस्त्यात, सगळ्यांसमोर..." तिने पदर तोंडात कोंबला. थोड्या वेळाने पदर काढून, अगदी साध्या आवाजात, ती म्हणाली, "अहवालात माझं नाव लिहा."

"तुमची चूक असं मी लिहिणार नाही. ओल्या फडक्याची पद्धत, स्टेशनवर कोणी कधी न लावलेली सूचना, अडॅप्टरमध्ये नसलेली चिप, हे सगळं लिहीन. आणि चालकाची चूक नाही, हे सगळ्यात वर."

"माझं नावही लिहा. मी टाकलं ते फडकं. उद्या समितीपुढे मी स्वतः येऊन सांगेन. त्यांच्या तोंडून ते कधी निघणार नाही." ती उठली, बाळाला घेतलं, आणि पायात घालायला चपला शोधू लागली. एक सापडली, दुसरी सापडेना. "मला त्यांच्याकडे न्या. आत्ता. संध्याकाळपर्यंत थांबले तर माझा धीर जाईल."

दुसरी चप्पल उकरबाईने टेबलाखालून काढून दिली.

तळमजल्याच्या दाराशी आल्यावर मुलीने बेल वाजवली आणि एक पाऊल मागे सरकली. काय बोलायचं ते तिने वाटभर मनात जुळवलेलं असावं, कारण तिचे ओठ हलत होते. दार उघडलं. चालक ताईने आधी तिच्याकडे बघितलं, मग उकरबाईकडे, आणि तिला सगळं कळलं. उकरबाईकडे तिने एकदाच, रागाने बघितलं.

"ताई," मुलगी म्हणाली. "मी..."

जुळवलेलं सगळं गेलं. ती नुसती उभी राहिली. बाळाच्या उघड्या डोक्यावर भर बाराचं ऊन होतं.

ताईने हात पुढे केले आणि बाळाला तिच्याकडून काढून घेतलं.

"आधी आत ये," ती म्हणाली. "केवढं ऊन लागतंय याला."